विजयमालेचा सत्कार

कळसच्या कोकऱ्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं माणूस म्हणजे विजयमाला एकटी. तिचा आजा म्हस्कू जन्मभर मेंढरांमागं हिंडला. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा आणि पाऊस तोंडावर आला की परत वर यायचा. बाप सावळाराम मात्र कालव्याचं पाणी आलं तसा एका जागी बसला. मेंढरं विकून ऊस लावला आणि कारखान्याचा सभासद झाला. पोरीला शिकवायचं हे मात्र त्याच्या डोक्यात नव्हतं. ते होतं द्वारकाबाईच्या डोक्यात.

द्वारकाबाई ही सावळारामची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती भावाच्या दारात आली ती कायमची. बसून खाणं तिला माहीत नव्हतं. हंगाम सुरू झाला की ती गावातल्या गुऱ्हाळावर जायची आणि रस उकळायच्या काहिलीखाली, चुलवाणात, चिपाडं सारत बसायची. विजयमाला बारामतीला कॉलेजात होती तेव्हा आत्या पहाटेच भाकऱ्या थापून डबा एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करायची. विजयमालेची आई तानूबाई कधी कधी चिडायची, "पोरगी माझी हाय का वन्संची?" त्यावर आत्या हसायची, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ यायची. चुलवाणाचा धूर तिच्या छातीत कायमचा बसला होता. बारामतीच्या डॉक्टरांनी दमा म्हणून सांगितलं, रोजच्या गोळ्या लावून दिल्या आणि त्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत अशी ताकीद दिली. आत्याही त्या देवाचा प्रसाद घ्यावा तशा नेमानं घेत होती.

विजयमाला पुढं पुण्याला गेली, एम.एस्सी. झाली आणि डॉ. इंदुमती गर्गे यांच्या प्रयोगशाळेत संशोधनाला लागली. गर्गे मॅडम फुप्फुसातल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांवर काम करायच्या. केसाहून बारीक अशा त्या नळ्यांना आतून पातळ पेशींचं अस्तर असतं. त्या पेशींमध्ये कॅल्शियम, म्हणजे आपल्या हाडांत असतं तेच, निरोप्यासारखं काम करतं. ते वाढलं की पेशी जागी होते, नळीची भिंत घट्ट किंवा सैल होते, कधी कधी पाझरूही लागते. हा निरोप डोळ्यांनी पाहता यावा म्हणून पेशींमध्ये एक रंग भरायचा. कॅल्शियम वाढलं की तो रंग उजळतो. उंदराचं फुप्फुस काढून, त्यातलं रक्त धुऊन, एका छोट्या पंपानं त्यात क्षारांचं पाणी खेळवत ठेवायचं. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्यावर निळा प्रकाश टाकायचा आणि कॅमेऱ्यानं चित्रं घेत राहायची.

पहिलं वर्ष नुसतं हात बसण्यात गेलं. फुप्फुस फुगायचं, फुटायचं, रंग बसायचा नाही. विजयमालेनं चिकाटी सोडली नाही. आणि सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पडद्यावर ते दिसलं. एका बारीक नळीच्या फाट्यापाशी पेशी उजळली, मग तिच्या शेजारची, मग तिच्या पुढची. उजेडाची लाट नळीतून सरकत गेली आणि विझली. थोड्या वेळानं पुन्हा तशीच, आणि पुन्हा. ठरलेल्या ठेक्यात.

गर्गे मॅडम स्टूल ओढून बसल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. "विजयमाला," त्या म्हणाल्या, "हे आपोआप होतंय. फुप्फुसाच्या नळ्यांना स्वतःची लय आहे."

पावसाळ्यानंतर हैदराबादला परिषद होती. विजयमालेनं तिथं ती चित्रं दाखवली. अंधाऱ्या सभागृहात पडद्यावर लाट धावली तशी माणसं कुजबुजली. तरुण संशोधकांचं पहिलं बक्षीस तिला मिळालं. पुण्याच्या एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्या चार ओळी इंदापूरपर्यंत पोचता पोचता वाढल्या, आणि तालुक्याच्या एका साप्ताहिकानं मथळा दिला, "कळसच्या कन्येचा दम्यावर शोध".

विजयमालेनं तो मथळा वाचला आणि ती हसली. दमा हा श्वासनळ्यांचा आजार, तिचं काम रक्तवाहिन्यांचं, तेही उंदराच्या. पत्र टाकून दुरुस्ती करून घ्यावी असं तिच्या मनात आलं. पण मथळा वाचताना कुठंतरी गोडही वाटलं होतं. पत्र राहिलं.

कळसच्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष मोहनराव यांनी सत्कार ठरवला. रविवारी, शाळेच्या पटांगणात.

त्याच आठवड्यात, एका दुपारी, पंपाची रबरी नळी फाटली. नवी नळी मुंबईहून यायची होती, आणि फुप्फुस तर लावलेलं होतं. ते वाया जाऊ नये म्हणून विजयमालेनं दवाखान्यात सलाईन लावतात तशी क्षारपाण्याची बाटली उंच टांगली आणि पाणी नुसत्या उताराच्या जोरावर सोडलं. पुन्हा पडद्यासमोर बसली.

लाट नव्हती.

रक्तवाहिनी दिसत होती, पेशी मंद उजळलेल्या दिसत होत्या, पण सगळं चित्र कसं निवांत होतं. तिला वाटलं, फुप्फुस मेलं. पण उत्तेजक औषधाचा थेंब दिला तर पेशी चटकन उजळल्या. फुप्फुस जिवंत होतं. तिनं फाटलेली नळी चिकटपट्टीनं कशीबशी जोडली आणि पंप पुन्हा चालू केला. लाट आली. पंपाचं चाक हळूहळू फिरत होतं, चाकावरचा एक एक रूळ रबरी नळी दाबत पुढं सरकत होता, आणि दर रुळागणिक पडद्यावर एक लाट येत होती.

तिनं पंप मंद केला. लाटा मंद झाल्या.

ती खुर्चीत मागं टेकली. कानशिलं तापली. पंपाच्या प्रत्येक दाबाबरोबर फुप्फुसाचा पृष्ठभाग किंचित वर उचलला जात होता, आधी एक टोक, मग दुसरं. भिंगाच्या नेमक्या अंतरावर आला की उजळ दिसत होता, खाली गेला की मंद. कॅल्शियमचा त्या लाटेशी काही संबंध नव्हता. ती स्वतः पंप नेहमी एकाच वेगावर ठेवायची, तेच तिला शिस्तीचं वाटायचं, म्हणून इतके महिने हे दिसलं नव्हतं. वेग बदलून पाहायची साधी तपासणी तिनं कधी केलीच नव्हती. हैदराबादला एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी तेच विचारलं होतं, "फुप्फुस हलत तर नाही ना?" आणि तिनं ताडकन उत्तर दिलं होतं, "नाही सर, आम्ही खात्री केलीय." सभागृहात तिच्या बाजूनं टाळ्या पडल्या होत्या.

मॅडम शेजारच्या खोलीत होत्या. दार उघडंच होतं. विजयमाला उठली, दारापर्यंत गेली. मॅडमनी मान वर करून विचारलं, "काय गं?"

"काही नाही. पंपाची नळी फाटली."

"मागवून घे."

ती परत आली आणि यंत्रं बंद केली. सत्कार होऊन जाऊ दे, मग सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं.

रविवारी पटांगणात मांडव होता. पोरं रांगेत बसवलेली, बायका एका बाजूला. सावळारामनं नवा फेटा बांधला होता, आणि खुर्ची दिली तरी तो तिच्या कडेवरच टेकला होता. आत्या पुढच्या रांगेत, इरकली लुगडं नेसून. मोहनरावांनी माईक हातात घेतला.

"आपल्या मालीनं पुण्यात बसून फुप्फुसाचं गुपित हुडकलंय! आता दमेकऱ्यांनी घाबरायचं काम न्हाय. औषध आपल्याच लेकीच्या हातनं येनार हाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल, नारळ, हार. माईक तिच्या हातात आला. समोर आत्याचा चेहरा होता, उन्हानं आणि आनंदानं लाल झालेला. दोन गोष्टी सांगायच्या होत्या. हे दम्याचं औषध नव्हे, आणि जे सापडलं असं म्हणतात तेही खरं नव्हे. पहिली तरी सहज सांगता आली असती.

"अजून खूप काम बाकी आहे," ती म्हणाली. "मी फार काही केलेलं नाही."

ती तेवढ्यावरच खाली बसली. मोहनरावांनी माईक ओढून घेतला. "बघा! एवढी शिकली, पन गर्व न्हाय!" पुन्हा टाळ्या. तिनं मान खाली घातली, आणि लोकांना ती लाज विनयाची वाटली.

नंतर आत्यानं तिची अलाबला घेतली आणि कानाशी येऊन हळूच विचारलं, "माले, कदी येतंय गं तुजं औषध?"

"वेळ आहे आत्या," ती म्हणाली. पुण्याची शेवटची गाडी गाठायची होती.

पुण्यात तिनं दिवस काढले. रोज फुप्फुस लावायची, रोज बाटली टांगायची, बाटलीवरही कधीतरी लाट दिसेल या आशेवर. मॅडम त्या लाटांवरचा लेख लिहायला बसल्या होत्या. त्या मधूनच विचारायच्या, "ही आकृती कुठली गं?" आणि ती आकृती काढून द्यायची. प्रत्येक आकृतीबरोबर सांगणं आणखी अवघड होत होतं. हॉस्टेलवर जेवण जात नव्हतं. मैत्रिणी बक्षिसाची पार्टी मागत, तेव्हा ती डोकं दुखतंय म्हणून खोलीत जाऊन पडायची.

मग एके दिवशी हॉस्टेलच्या फोनवर निरोप आला. आत्याला बारामतीला दवाखान्यात हलवलंय.

ती पोचली तेव्हा आत्याच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते. तानूबाई बाहेर बाकड्यावर बसली होती. लेकीला पाहून ती रडली नाही.

"काय झालं गं आई? गोळ्या चालू होत्या ना?"

"गोळ्या?" तानूबाई म्हणाली. "तुज्या सत्काराच्या दिशीच उकिरड्यावर फेकल्या तिनं. आमाला पत्ता न्हाय. काल दम लागून पडली तवा इचारलं, तर म्हनती, मालीचं औषध येनार हाय, मग ह्या इखारी गोळ्या कशाला खाऊ."



रोजच्या गोळ्या अशा एकदम बंद केल्या की दमा उसळून येतो, हे विजयमालेला पुस्तकातून माहीत होतं. डॉक्टर आले तेव्हा ते वैतागून म्हणाले, "बाई काही सांगतच नाहीत. गोळ्या का सोडल्या विचारलं तर म्हणतात, इसरले."

विसरले. आत्यानं डॉक्टरांसमोर तिचं नाव घेतलं नव्हतं. मालीच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून, त्या अवस्थेतही.

"माझ्यामुळं सोडल्या," विजयमाला म्हणाली. "मी औषध शोधलंय असं त्यांना वाटलं. मी नाही म्हणाले नाही." डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं आणि ते कागदावर लिहीत राहिले. ते काहीतरी बोलले असते तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

आत्याला उतार पडायला आठवडा गेला. मुखवटा निघाला त्या दुपारी विजयमाला तिच्या पायाशी बसली आणि सगळं सांगितलं. औषध नाही. दम्याचं तर नाहीच. आणि जो उजेड दिसला म्हणून शाल दिली, तो पंपाच्या धक्क्यानं हलणाऱ्या फुप्फुसाचा होता. सत्काराला आली तेव्हा हे तिला ठाऊक होतं.

आत्यानं तिच्याकडं मान वळवली. "ठावं हुतं?"

"व्हय आत्या."

"आन् मी इचारलं तवा म्हनालीस, येळ हाय."

आत्यानं कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. जन्मात पहिल्यांदा तिनं भाचीकडं पाठ केली होती. संध्याकाळी तानूबाईनं पेज आणली ती तिनं तानूबाईच्या हातूनच घेतली.

दुसऱ्या दिवशी विजयमाला पुण्याला गेली. मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिली आणि बसायला सांगितलं तरी बसली नाही. बाटलीवर घेतलेली चित्रं आणि पंपावर घेतलेली चित्रं शेजारीशेजारी ठेवली. मॅडमना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी चष्मा काढला.

"कधी कळलं?"

"सत्काराच्या आधी."

मॅडमनी दोन्ही चित्रं पुन्हा जवळ ओढली. "फुप्फुस हलतं हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी स्वतः शेजारी बसून पाहिलंय. ती चूक दोघींची. पण मधले दिवस तुझे एकटीचे आहेत. मी लेख लिहीत होते आणि तू मला आकृत्या काढून देत होतीस." त्यांचा आवाज चढला नाही. "आता जा. उद्या ये. आज मला तुझ्याशी बोलता येणार नाही."

परिषदेला पत्र गेलं, बक्षीस परत गेलं. लेख फाडला. वर्षाचं काम वाया गेलं, आणि प्रयोगशाळेत पाहुणा आला की मॅडम तिची ओळख करून देईनाशा झाल्या.

गावातलं राहिलं होतं. विजयमाला मोहनरावांकडं गेली. ते म्हणाले, "अगं पोरी, झालं गेलं. कशाला उकरून काडतीस? लोक इसरतील. शाळंचंबी नाव जोडलंय त्याला." तिनं पुन्हा पुन्हा विनवलं, पण सभा घ्यायला ते तयार झाले नाहीत. मग ती दारोदार निघाली. गावात दम्याची माणसं कुठकुठल्या घरात आहेत हे आत्याला ठाऊक होतं. आत्यानं नावं सांगितली, तिच्याकडं न बघता. सावळाराम पायताण घालून आपणहून बरोबर निघाला.

"आबा, तुम्ही कशाला?"

"चल," तो म्हणाला. एवढंच.

प्रत्येक दारात ती आत जाई आणि तो बाहेर ओट्यापाशी उभा राही, फेटा हातात घेऊन. बोडक्या डोक्यानं उभा असलेला बाप दारातून दिसायचा आणि तिचे शब्द अडखळायचे. एका घरातल्या म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "बरं झालं बाई सांगितलंस. आमी तर पुण्याला यायची तयारी केली हुती." दुसरीकडं आक्काबाई नावाच्या बाईनं तोंडावर सुनावलं, "शाल घेताना न्हाय लाज वाटली? माजा नवरा रोज तुजी वाट बगतूय!" तिचा नवरा आतल्या अंधारात बाजेवर बसून खोकत होता. विजयमालेनं त्याला वाकून नमस्कार केला आणि हात जोडून सांगितलं, तुमच्या गोळ्या सोडू नका. मळ्यातल्या घराकडं परतताना सावळाराम पुढं चालत होता. फेटा त्यानं गावाबाहेर आल्यावर डोक्यावर ठेवला.

पुढं दोन वर्षं लागली. आता तिनं दोन रंगांच्या प्रकाशात एकामागून एक चित्र घेऊन त्यांचं गुणोत्तर काढायची पद्धत बसवली. फुप्फुस हललं तर दोन्ही चित्रं सारखीच बदलतात आणि फसगत होत नाही. पाणी बाटलीतून. त्यात जे दिसलं ते फार थोडं होतं. नळीच्या फाट्यावरची एखाददुसरी पेशी कधीतरी उजळायची, तो उजेड शेजारच्या दोनतीन पेशींपर्यंत जायचा आणि विझायचा. ठेका नाही, लय नाही. पण तो खरा होता. तिनं तो शंभर तऱ्हांनी तपासला. प्रबंधात तिनं पंपाच्या चुकीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. तोंडी परीक्षेला परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं तेव्हा तिची कानशिलं पुन्हा तशीच तापली, पण चूक कशी झाली ते तिनं पहिल्यापासून सांगितलं. परीक्षकांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. पदवी मिळाली. कळसला तिनं कळवलं, पण येऊ नका, कुणाला सांगूही नका, असं बजावून.

आत्या पूर्वीसारखी कधीच झाली नाही. गुऱ्हाळ सुटलं. अंगणातून विहिरीपर्यंत जाताना तिला मधे टेकावं लागे. भाचीशी मात्र ती पुन्हा बोलू लागली होती. आधी कामापुरतं, मग थोडं जास्त.

नव्याण्णवच्या हिवाळ्यात तिला तपासणीसाठी पुण्याला आणलं होतं. दवाखान्यातून निघताना ती म्हणाली, "तू काय बगतीस ते मला दाव."

विजयमालेनं तिला प्रयोगशाळेत नेलं, खुर्ची दिली, खोलीतला दिवा मालवला आणि पडद्यावर साठवलेलं चित्र लावलं. काळोखात मंद नळी दिसू लागली. आत्या पुढं झुकून बघत राहिली. तिच्या श्वासाची शीळ खोलीत ऐकू येत होती. बऱ्याच वेळानं फाट्यावर एक ठिपका उजळला, शेजारी दोन उजळले आणि मालवले.

"हेच?"

"हेच आत्या."

"मला वाटलं, लई मोटं काय तरी असंल."

"नाही. एवढंच आहे."

आत्या पडद्याकडं बघतच होती. "आन् ह्येनं कुनाचा दम बरा हुनार न्हाय."

"आत्ता तरी नाही. पुढंही दम्याचा नाही. दुसरं काही झालं तर झालं, तेही मला सांगता यायचं नाही."

"बरं," आत्या म्हणाली. तिनं लुगड्याच्या ओच्यातून गोळ्यांची पुडी काढली. "पानी दे. दुपारची घ्यायची राहिलीया."

विजयमाला पाणी आणायला उठली. तिनं तांब्या भरून आणला, आणि आत्यानं गोळी गिळेपर्यंत ती शेजारी उभी राहिली.